एकट्याने खेळा दशावतार!

पत्त्यांचं पान गोल असतं, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. आणि एका कॅटमध्ये 52 नाही, 120 पानं! चार रंग नाहीत, दहा. राणी नाही, गुलाम नाही, जोकरही नाही. मासा आहे, कासव आहे, परशू आहे.

याचं नाव गंजिफा. आपल्या कर्जतमध्ये (नगरचं कर्जत, रायगडचं नाही, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना दरवेळी सांगावं लागतं) पत्ते म्हटलं की रमी, नाहीतर हॉस्टेलवर मेंढीकोट. गंजिफा हा शब्द ऐकलेला असतो तो फार तर एमपीएससीच्या जीकेमध्ये, ‘सावंतवाडी कशासाठी प्रसिद्ध?’ या प्रश्नाच्या पर्यायांत. पर्यायावर टिक केली की विषय संपला. पण ही वस्तू टिक करण्यासाठी नाही, खेळण्यासाठी बनलेली आहे.

हे पत्ते इराणकडून आले, मुघलांबरोबर पसरले. बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्याकडे त्यावर दशावतार चढले. मत्स्य ते कल्की असे दहा रंग, प्रत्येकात एक ते दहा अशी दहा पानं, वर प्रधान आणि त्याच्या वर राजा. दहा गुणिले बारा, 120.

सावंतवाडीत हे काम जवळजवळ बंद पडलं होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून ते शिकून घेतलं आणि राजवाड्यातच पुन्हा सुरू केलं. आज तिथल्या गंजिफाला जीआय मानांकनही आहे. कला वाचली. खेळाचं मात्र तसं नाही. हातानं रंगवलेला पूर्ण कॅट महाग, म्हणून लोक तो भेट देतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. भिंतीवरच्या पत्त्यांनी कोण खेळणार?

दुसरी अडचण माणसांची. मूळ खेळ तिघांचा, प्रत्येकाला 40 पानं. नियम माहीत असलेली तीन माणसं एका गावात एका वेळी सापडणं म्हणजे आधीच लॉटरी. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी एकट्यानं खेळायचं, पानांची ओळख करून घ्यायची, मग दोघं शोधायचे. आपल्या आधीच्या पिढीनं माउसनं ड्रॅग करायला कशावर शिकलं? 1990 मध्ये विंडोजबरोबर आलेल्या सॉलिटेअरवर. तीच आयडिया.

आधी पत्ते. घरी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यावर लहान वाटी ठेवून गोल मारा, कापा. सगळी चिन्हं मोजून काढायची म्हटली तर एका रंगाला 55 आणि दहा रंगांना 550 चित्रं होतात. तेवढा वेळ परीक्षेच्या आदल्या रात्रीच मिळतो, त्यामुळे पानावर एक चिन्ह आणि एक आकडा पुरे. चिन्हं गावागणिक थोडी बदलतात. मी ठेवलीत ती अशी : मासा, कासव, शंख, चक्र, कमंडलू, परशू, बाण, बासरी, कमळ, तलवार. कृष्णाला गाय काढतात, पण माझी गाय म्हैस दिसायला लागली, म्हणून बासरी. पत्रिकेची मागची बाजू सगळ्या पानांना एकसारखी हवी, नाहीतर गणपतीच्या सोंडेवरून पान ओळखू येतं. एकरंगी कागद चिकटवून टाका.

आता खरी गंमत. गंजिफामध्ये निम्म्या रंगांत आकड्यांची किंमत उलटी असते. पाच रंगांत दहा मोठा, एक लहान. उरलेल्या पाचांत एक मोठा, दहा सगळ्यात लहान. राजा आणि प्रधान मात्र सगळीकडे वरच. रमी खेळून पक्क्या झालेल्या डोक्याला हे लवकर पचत नाही, आणि एकट्याचा डाव नेमका इथेच कामाला येतो.

हा डाव परंपरेतला नाही. इंग्रजीत ‘फॉर्टी थीव्हज’ म्हणजे चाळीस चोर नावाचा जुना पेशन्स आहे. दोन कॅट घेऊन दहा रांगांत चार-चार पानं लावतात. दहा रांगा, दहा अवतार. मी तो गंजिफावर बसवला आणि नियम थोडे सैल केले.

आपल्या डावात मत्स्य ते वामन हे पाच रंग उलटे, परशुराम ते कल्की हे पाच सुलटे धरा. गोल पानं नेहमीसारखी पिसता येत नाहीत. सतरंजीवर पालथी पसरा आणि दोन्ही हातांनी कालवा. मग दहा रांगा, प्रत्येकीत चार पानं, सगळी उताणी, एकावर एक थोडी सरकवून. उरलेली 80 पानं पालथी गड्डी.

प्रत्येक पानाला एक पायरी असते. सुलट्या रंगात आकडा तीच पायरी. उलट्यात अकरातून आकडा वजा करा : मत्स्याचा दहा म्हणजे पहिली पायरी, मत्स्याचा तीन म्हणजे आठवी. प्रधान अकरावा, राजा बारावा. प्रत्येक रंगाची थप्पी वेगळी लावायची, पहिल्या पायरीपासून राजापर्यंत.

रांगेतलं फक्त शेवटचं पान हलतं, तेही एका वेळी एकच. ते थप्पीवर जाईल, नाहीतर दुसऱ्या रांगेच्या शेवटच्या पानावर. तिथलं पान एक पायरी वरचं आणि विरुद्ध गटातलं हवं. म्हणजे रामाचा सहा मत्स्याच्या चारवर बसतो, कारण तो चार सातव्या पायरीचा. तो चार पुढे कल्कीच्या आठवर बसेल. रांग रिकामी झाली तर कुठलंही एक पान ठेवा. गड्डीतून एकेक पान उघडायचं. नाही बसलं तर बाजूच्या ढिगावर टाकायचं, ढिगाचं वरचं पान कधीही वापरता येतं. गड्डी संपली की ढीग न पिसता एकदाच पालथा करायचा. दहाही थप्प्यांवर राजे बसले की जिंकलात.

माझे बहुतेक डाव अडकतात. कारण ठरलेलं : उलट्या रंगांचे दहा आणि नऊ दिसले की हात त्यांना ‘मोठी पानं’ समजून रांगेत पडू देतो. खरं तर सुरुवातीला तीच मोकळी करायला हवीत, थप्पी त्यांच्यावरच उभी राहते. रिकामी रांग मिळाली तर लगेच भरू नका. ती खोळंबलेलं पान बाजूला ठेवायची एकमेव जागा आहे.

लाइट गेलेली असेल, नेट नसेल, तर एक डाव पुरतो. सात-आठ डावांनंतर ‘अकरातून वजा’ करावं लागत नाही, मत्स्याचा एक्का दिसला की तो मोठा हे डोळ्यांनाच कळतं. तेव्हा दोन रूममेट पकडा. 40-40 पानं वाटा. उतारी ज्या रंगाची, त्यातलं सगळ्यात मोठं पान टाकणारा हात जिंकतो, इथे हुकूम नसतो. पहिली उतारी कुणाची, याची भांडणं नकोत म्हणून सोय आहे : दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची.