संगणक कोणता घ्यावा, आणि हमी कोणाची?

विडीकामगाराच्या घरात संगणक येतो तो मुलांच्या शिक्षणापायी, आणि पुष्कळदा कर्ज काढून येतो. तेव्हा तो कोणता घ्यावा एवढेच विचारून भागत नाही; बिघडल्यास दाद कोणाकडे मागायची, हेही त्याच वेळी ठरवले पाहिजे.

दुकानदाराने सुटे भाग जोडून दिलेल्या, टेबलावरच्या संगणकाला लोक 'असेंबल' म्हणतात. त्यातला एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याच्या हमीला एक धनी नसतो. प्रोसेसरची हमी एका कंपनीची, बहुधा 3 वर्षांची, मदरबोर्डची दुसरीची, पॉवर सप्लायची तिसरीची. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा. कंपनीने बांधलेल्या संगणकाला धनी एकच. पण कारागीर घरी येणार, की यंत्र आपणच नागपूरला न्यायचे? भंडाऱ्याहून ते अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. नेण्या-आणण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. लॅपटॉप वीज गेली तरी चालतो, हा आमच्याकडे लहान गुण नव्हे. पण तो पडला किंवा त्यावर पाणी सांडले, तर साधारण हमीत ते बसत नाही. मूल परगावी शिकणार असेल तर लॅपटॉप घ्यावा. एरवी टेबलावरचाच, असे आमचे मत आहे.

हमीपत्र हा करारच होय. मालकाशी करार करताना आम्ही पगाराच्या आकड्याआधी अपवादांची कलमे वाचतो. इथेही तीच रीत ठेवावी.

आता कायदा. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा आला व जुलै 2020 पासून लागू झाला. त्यान्वये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. बिलात लिहिलेल्या मुदतीत, ती नसल्यास 30 दिवसांत, असा माल परत घेण्यास नकार देणे हीही अनुचित प्रथाच.

तोच बिघाड पुनःपुन्हा होऊ लागला की दर खेपेस तारखेसह दुरुस्तीची पावती घ्यावी. 'उद्या या' याला पुरावा नसतो! प्रथम 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; तेवढ्याने न भागल्यास 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी दुकानदाराकडे. तक्रारीत दोघांनाही गोवता येते. कंपनी बंगळूरची असली तरी भंडाऱ्यात राहणाऱ्याला तक्रार भंडाऱ्यातच करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

झेरॉक्स काढून, अर्ज भरून देऊन पोट भरणाऱ्यांना पुष्कळदा ऐकवले जाते की, तुम्ही यंत्र धंद्यासाठी घेतले, सबब तुम्ही ग्राहक नव्हे. हे खोटे आहे. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र घेऊन ते स्वतः चालवणारा कायद्याने ग्राहकच आहे.