वस्ती राखायचा खेळ : मुलं खेळतात ते समजून घेऊया

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ लावला असेल. हातातलं काम चालू राहू द्या आणि ऐका. आज कर्जाचा हप्ता नाही, शेळीपालनही नाही. आज आपण मुलांच्या गेमबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार हमखास निघते. "पोरगा दिवसभर गेम खेळतो." मी विचारते, कोणता गेम? उत्तर येतं, "काय की बाई, मारामारीचा आहे कसला तरी." गेम हा शब्द एकच, पण त्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पैसे लावायचा जुगार त्यातच येतो. अनोळखी माणसांबरोबर बंदुका चालवायच्या ऑनलाइन लढाया त्यातच येतात. आणि डोकं लावून वस्ती उभारायचा, ती राखायचा खेळही त्यातच येतो. सगळ्यांना एकाच काठीनं हाकलं, तर मुलगा म्हणतो, "आईला यातलं काही कळत नाही." मग तो सांगायचंच बंद करतो. आणि खरा धोका जिथं आहे, तिथं आपलं लक्षच जात नाही. म्हणून आज एका खेळाची नीट ओळख करून घेऊ.

या खेळाचं नाव 'दे आर बिलियन्स'. म्हणजे 'ते अब्जावधी आहेत'. स्पेन देशातल्या न्यूमँटियन गेम्स या कंपनीनं तो बनवला. २०१७ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा लोकांच्या हाती आला आणि २०१९ च्या जूनमध्ये पूर्ण रूपात निघाला. हा मोबाईलचा नाही, संगणकावरचा खेळ आहे. माझ्या जावेचा मुलगा शहरात शिकतो, तो सुट्टीत लॅपटॉप घेऊन येतो. त्याच्या शेजारी बसून मी हा खेळ पाहिला, मग स्वतःही खेळले. वस्ती राखायच्या अशा खेळांची रीत साधारण सारखीच असते, म्हणून हा एक समजला की बाकीचेही समजायला लागतात.

गोष्ट अशी आहे. जगात एक भयंकर साथ आली आहे. जिला लागण झाली ती माणसं भान हरपून बाकीच्यांवर तुटून पडतात. इंग्रजी सिनेमात त्यांना झोंबी म्हणतात. आपण बाधित म्हणू, कोरोनानं तो शब्द आपल्याला चांगलाच शिकवला आहे. उरलेल्या थोड्या माणसांना घेऊन मोकळ्या रानात नवी वस्ती वसवायची आणि ठरलेले दिवस ती टिकवायची, एवढंच आपलं काम. ठरलेले दिवस पार पडले आणि वस्ती शाबूत राहिली, तर आपण जिंकलो.

सुरुवातीला हातात काय असतं? मधोमध एक मोठं ठाणं, थोडंसं धन-धान्य, चार धनुर्धारी आणि एक बंदूकवाला शिपाई. आणि बरं का, त्या धनुर्धारी बायका आहेत. पायानं चपळ आणि कामात चूप. त्यांचं महत्त्व पुढं सांगते.

आता वस्ती वाढवायची. माणसं राहायला आली तर काम होईल, म्हणून आधी तंबू उभारायचे. पण तंबू उभारायचा तर त्या माणसांना खायला पाहिजे. खाण्यासाठी शिकाऱ्याची झोपडी बांधायची, तळं असेल तर कोळ्याची, पुढं शेती करायची. शिकाऱ्याची झोपडी झाडीजवळ बांधली तर जास्त अन्न मिळतं. घरांना ऊर्जा लागते, त्यासाठी पवनचक्की. लांबच्या जागेपर्यंत ऊर्जा न्यायची तर मनोरे उभे करावे लागतात, आपल्याकडं विजेचे खांब असतात तसे. लाकूड, दगड, लोखंड गोळा करायला वेगळ्या जागा आणि वेगळे मजूर. घरांतली माणसं कर भरतात, त्यातून सोनं येतं. पण शिपाई पोसायलाही सोनंच लागतं आणि पवनचक्की चालवायलाही.

ऐकताना ओळखीचं वाटतंय ना? एका हातानं येणारं आणि दुसऱ्या हातानं जाणारं, याचा रोजचा मेळ. घर चालवणारी बाई वेगळं काय करते? अंथरूण पाहून पाय पसरावे, हे या खेळात पहिल्या तासातच कळतं. अन्न वाढवलं नाही तर तंबू वाढवता येत नाही. तंबू नाहीत तर मजूर नाहीत. मजूर नाहीत तर शिपाई नाही. एक अडलं की सगळंच अडतं.

आणि हे सगळं चालू असताना बाहेर रानात बाधित फिरत असतात. मधूनमधून त्यांची मोठी लाट येते. ती येण्याआधी सूचना मिळते, कोणत्या दिशेनं येणार तेही कळतं. मग त्या बाजूला भिंत, बुरूज आणि शिपाई उभे करायचे. प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा मोठी. शेवटची लाट मात्र चारी दिशांनी एकदम येते. एक बाजू भक्कम करून भागत नाही, सगळ्या वस्तीभोवती पक्का बंदोबस्त लागतो. दुहेरी भिंत बांधणारे खेळाडू जास्त टिकतात. राजगडाची संजीवनी माची ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दुहेरी तटबंदी म्हणजे काय हे सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. माणसं या खेळात हरतात कुठे?

पहिली जागा म्हणजे फट. भिंतीत एवढीशी फट राहिली आणि एकच बाधित आत शिरला, तर तो घराला लागण करतो. त्या घरात जितकी माणसं, तितके नवे बाधित बाहेर पडतात. ते शेजारच्या दोन घरांना लागण करतात. बघता बघता, बाहेरची लाट येण्याआधीच, वस्ती आतून संपते. शेताला कुंपण घालताना एक जागा मोकळी राहिली की रानडुकरं नेमकी तिथूनच शिरतात, तसंच हे.

दुसरी जागा म्हणजे घाई. सोनं हातात खेळायला लागलं की घरं वाढवत सुटायचं आणि राखणीला माणूस नाही, असं होतं. याच्या उलटही घडतं. भीतीपोटी नुसते शिपाईच जमवले तर कमाई वाढत नाही, आणि पुढच्या मोठ्या लाटेला तोंड द्यायला काही उरत नाही. वाढ आणि राखण बरोबरीनं चालवावी लागते. आपल्या गटातही सगळी बचत एकदम कर्जात वाटून टाकली तर अडीअडचणीला पेटी रिकामी. आणि भीतीनं कुणालाच कर्ज दिलं नाही तर गट वाढत नाही. मधला रस्ता कुठला, हे हिशेबाची वही सांगते.

तिसरी जागा म्हणजे आवाज. बंदूक वाजली की लांबचे बाधितही तिकडं धावतात. म्हणून सुरुवातीला आसपासचं रान मोकळं करायला त्या धनुर्धारी बायका कामाला येतात. त्यांच्या बाणाचा फारसा आवाज होत नाही. जास्त ताकदीचं हत्यार प्रत्येक वेळी कामाचं असतंच असं नाही, हे इथं दिसतं.

आणि एक गोष्ट. या खेळात वस्ती पडली की पडली. हरण्याच्या आधीच्या जागेवर परत जाता येत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दर वेळी रानही नवं असतं, त्यामुळं घोकून उपयोग नाही. म्हणून मुलगा हरला की चिडचिड करतो. चार-पाच तासांची मेहनत गेलेली असते. त्या वेळी "बरं झालं, हरलास" असं म्हणू नका. "कुठून शिरले रे?" असं विचारा. तो बसून सगळं सांगेल. आपण कुठं चुकलो हे स्वतःच्या तोंडानं सांगता येणं, हे शिक्षणच आहे.

मग हा खेळ चांगला की वाईट? मी सरळ सांगते. नियोजन, हिशेब, धीर हे सगळं यात आहे. पण यात रक्त आहे, भीती आहे, त्यामुळं लहान मुलांसाठी हा नाही. आणि वेळ फार खातो. एक वस्ती शेवटपर्यंत न्यायची तर कित्येक तास जातात. "एवढी एक लाट परतवतो" म्हणता म्हणता रात्रीचे बारा वाजतात.

इथं आईच्या उपयोगाची माहिती सांगते. हा खेळ मध्येच थांबवता येतो. थांबवून शांतपणे विचारही करता येतो, आणि खेळ बंद केला तर वस्ती जशी आहे तशी जपून ठेवली जाते. म्हणून जेवायला हाक मारल्यावर "आता बंद करता येत नाही" हे कारण या खेळात चालत नाही. मोबाईलवरच्या ऑनलाइन लढाईचं मात्र वेगळं आहे. तिथं समोर खरी माणसं खेळत असतात, डाव मध्येच थांबत नाही. तिथं "हा डाव संपला की बंद" असं आधी ठरवावं आणि ते पाळायला लावावं. कोणता खेळ आहे हे माहीत असेल, तर आपला नियमही रास्त ठरतो आणि मुलगाही तो मानतो.

आता पैशाचं बोलू. मी सांगितला तो खेळ एकदा विकत घेतला की झालं, आणि तो एकट्यानं खेळायचा आहे. पण मोबाईलवर गाव वसवायचे जे खेळ आहेत, ते फुकट मिळतात आणि आत पैसे मागतात. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा त्यातला गाजलेला खेळ, २०१२ साली आलेला. त्यात पुढं पुढं एक इमारत वाढवायला कित्येक दिवस वाट पाहावी लागते. थांबायचं नसेल तर रत्नं खर्च करायची, आणि ती रत्नं खऱ्या पैशानं विकत मिळतात. मुलाचा धीर सुटतो आणि आईच्या खात्यातले पैसे जातात. ज्या फोनवर तुमचं बँकेचं किंवा यूपीआयचं काम चालतं, तो फोन मुलाच्या हातात देण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'खरेदी करताना पासवर्ड मागा' ही सोय चालू करून घ्या. जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, थोड्या वेळाचं काम आहे. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. भिंतीतली फट म्हणतात ती हीच.

रमीसारखे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा तर वेगळाच मामला. तिथं वस्ती नाही, नियोजन नाही, नुसता डाव लावायचा. २०२५ साली केंद्र सरकारनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ नशिबाचा म्हणा की कौशल्याचा, पैसे लावले की बंदी लागू. तरी कुणी लिंक पाठवून "खेळा आणि कमवा" म्हणत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

शेवटचा मुद्दा मनाचा. जास्त खेळणं आणि व्यसन लागणं यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे, आणि त्याची ओळखही सांगितली आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, अभ्यास, मित्र, सगळ्यांच्या आधी खेळ येतो. नुकसान दिसत असूनही सुटत नाही. आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असतं. म्हणजे सुट्टीत चार दिवस खेळला म्हणून मुलगा वाया गेला असं नाही. पण ही लक्षणं दिसू लागली, तर देवऋषी नको आणि मारझोडही नको. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. मनाच्या त्रासाबद्दल तिथं फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. मुलाच्या, मुलीच्या शेजारी अर्धा तास बसा आणि तीन प्रश्न विचारा. या खेळात तू काय राखतोयस? तुला कमी काय पडतंय? आणि समोर कोण आहे, यंत्र की माणूस? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात अनोळखी माणूस निघाला, किंवा दुसऱ्याच्या उत्तरात पैसे निघाले, तर पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, की दहा मिनिटं यासाठी ठेवू. कुणाचं पोर काय खेळतं, हे एकमेकींना सांगू. एकीच्या लक्षात न आलेली फट दुसरीला दिसते, गट असतो तो त्यासाठीच. येते मी. नमस्कार.