‘श्यामा’चा वाचक कोण?

लेखक चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात. निशिकांत आणि त्याच्या आयुष्यातल्या नीला, वनिता, श्यामा. शेजघरातली वर्णनं आजच्या मानानं सोवळीच. पण अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयानं दंड ठोठावला २५ रुपये. रकमेपेक्षा शिक्का महाग!

गंमत अश्लीलता ठरवण्याच्या कसोटीची. ‘हे कोणाच्या हाती पडेल आणि त्याचं मन बिघडेल का,’ हा प्रश्न व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला, १८६८च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्यातला. म्हणजे कथा पुण्या-मुंबईच्या वाचकांची आणि मोजपट्टी लंडनची. चवीनं वाचणाऱ्या सज्ञान माणसाचं मत त्यात धरायचंच नाही. सगळी काळजी कोवळ्या पोराची.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. सुटे उतारे नव्हे, अख्खी कथा वाचायची. असे प्रसंग वाचले म्हणून तरुण पोरं बिघडतीलच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, असा निकालाचा सूर होता. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट झळकला, तो मात्र अख्ख्या कुटुंबानं मिळून पाहिला.