नाकाची वर्दी

बाहेरून घरात पाऊल टाकताच आपण विचारतो, "अगं, गॅस सुटलाय का?" तासभर ओट्याशी उभी असलेली गृहिणी म्हणते, "मला तर काहीच वास येत नाही!" दोघांचीही नाके धडधाकट, दोघेही खरेच बोलत आहेत. मग हा मतभेद कशाचा?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळतात. त्याचा अत्यल्प अंशही नाकाला पुरतो. हे कसे घडते ते पाहू.

नाकपोकळीच्या छताशी एक लहानसा ओलसर पडदा असतो. त्यात लक्षावधी घ्राणपेशी असून त्यांच्या टोकांवर ग्राहक प्रथिने असतात. ही प्रथिने घडविणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली उंदरांत शोधून काढले. 2004 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक आहेत. एका पेशीवर सामान्यतः एकच प्रकार. परंतु एकच गंधद्रव्य अनेक प्रकारांना कमीअधिक जागे करते. मूळाक्षरे मोजकी असली तरी शब्द अगणित होतात, त्यातलाच हा प्रकार होय.

गंधाचा रेणू ग्राहकाला भिडला की पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते. ग्राहक एका प्रथिनाला चेतवतो, ते प्रथिन एका विकराला. आणि तो विकर सायक्लिक एएमपी नावाचे द्रव्य भराभर तयार करतो. या द्रव्यामुळे पेशीच्या आवरणातील दारे उघडतात. सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात, क्लोराइड बाहेर पडते. यातून विद्युत्‌स्पंद उठतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूच्या घ्राणकंदात पोहोचतो. वर्दी लागली!

परंतु गंमत पुढेच आहे. आत आलेला तोच कॅल्शियम कॅलमॉड्युलिन नावाच्या प्रथिनाशी जोडला जातो आणि ती दारे मंद करतो. म्हणजे वर्दी देणाराच वर्दी आवरतो! शिवाय मेंदूही जुन्या वार्तेकडे कानाडोळा करू लागतो. अत्तरवाल्याला आपल्या दुकानाचा घमघमाट जाणवत नाही, तो यामुळेच. सस्तन प्राण्यांना ही सोय फार मोलाची आहे. सभोवारच्या सवयीच्या वासांत नाक गुंतून राहिले, तर नव्याने आलेल्या शत्रूचा वास त्यांना कळणार कसा? नाक मुख्यतः बदल सांगते. "अजून आहे" हे सांगण्यात ते कच्चे आहे.

तेव्हा गॅस हळूहळू साचत असेल तर घरातल्या माणसाचे नाक गप्प बसू शकते. 2020 पासूनच्या कोविडच्या साथीत घ्राणपेशींना आधार देणाऱ्या पेशी बाधित होऊन अनेकांचा वास गेला. काहींचा पुरता परतलाच नाही. अशांना तर ही वर्दी मिळतच नाही.

म्हणून बाहेरून आलेल्याने "वास येतोय" म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, काडी ओढू नये. त्याचे नाक आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे असे नव्हे. ते नुकतेच आत आले आहे, एवढेच!