यातला माझा कुठला?



वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : मुलांचे आता करायचे काय? त्यावर अलीकडे सापडलेले उत्तर म्हणजे सुट्टीतील शिबिर. परी, राक्षस, उडते घोडे, जादूची नगरी असा अद्भुताचा विषय घेऊन चित्रे आणि हस्तकला करवून घेणारी शिबिरे तर मुलांना फारच आवडतात. व्याख्यानमालेच्या मानाने हा विषय किरकोळ वाटेल. पण तो तसा नाही, हे मी स्वतःच्या एका चुकीवरून शिकलो. म्हणून आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी मी अशा एका शिबिराची जबाबदारी पत्करली होती. मुले ३०, वेळ दोन तास. गोंधळ नको म्हणून आदल्या रात्री बसून मी जाड कागदाचे ३० ड्रॅगन कापून ठेवले. मुलांनी त्यांना हिरवा रंग द्यायचा, टिकल्या चिकटवायच्या आणि शेपटीला दोरा बांधायचा, एवढेच काम. सारे वेळेत आटोपले. दोरीवर ड्रॅगन डुलू लागले, पालक प्रसन्न झाले. निघताना सातएक वर्षांची एक मुलगी त्या दोरीखाली बराच वेळ उभी होती. तिने मला विचारले, "काका, यातला माझा कुठला?" मी एकेक उलटून, मागचे नाव वाचून, तिचा ड्रॅगन काढून दिला. पण नाव वाचल्याशिवाय जो तिलाही ओळखू येत नाही, त्याला तिचा कसे म्हणावे? ते ३० ड्रॅगन माझे होते. मुलांनी ते मला रंगवून दिले होते, इतकेच.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, अद्भुत येते कोठून? लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मुलांच्या कल्पनाशक्तीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने रशियन लोककथेतील कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीचे उदाहरण घेतले आहे. झोपडी पाहिलेली, कोंबडीचे पायही पाहिलेले. नवी आहे ती फक्त त्यांची सांगड. आपल्याकडचा नरसिंह घ्या, किंवा देवळांच्या शिल्पातला मकर घ्या; तेथेही हीच रीत दिसेल. यातून निघणारा अर्थ साधा पण महत्त्वाचा आहे. ज्याने पुष्कळ पाहिले, त्याच्याजवळ जोडण्यासाठी पुष्कळ असते. म्हणून शिबिराचा पहिला अर्धा तास कागदावर नव्हे, पाहण्यात घालवावा. नाकतोड्याचा पाय कोठे मुडपतो, माशाचे खवले एकमेकांवर कसे बसतात, नारळाच्या शेंडीचे धागे कसे सुटतात, हे मुलांना हातात घेऊन पाहू द्यावे. राक्षसाची खरी सामग्री ती.

दुसरा प्रश्न : जोडायला लावायचे कसे? याचे एक सुंदर उत्तर जानी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकाने दिले आहे. १९७२ साली रेज्जो एमिलिया या गावी शिक्षकांशी झालेल्या चर्चांतून त्याचे 'कल्पनेचे व्याकरण' हे पुस्तक तयार झाले आणि १९७३ साली प्रसिद्ध झाले. त्याची एक युक्ती अशी : एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये निरनिराळे संबंध घालून पाहायचे. त्याचे शब्द होते कुत्रा आणि कपाट. मराठीत तर हे काम आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये आयतेच करून देतात. कपाटातला कुत्रा, कपाटासह कुत्रा, कपाटाखाली कुत्रा, कुत्र्याचे कपाट! नुसता प्रत्यय बदलला की नवी गोष्ट सुरू होते. पाटीवर असे दोन शब्द लिहा आणि स्वस्थ बसा. "काहीतरी काढा" म्हटले की गोंधळून जाणारे मूल "कपाट पाठीवर घेऊन हिंडणारा कुत्रा काढ" म्हटले की लगेच विचारते, कपाटाला खण किती? तेथेच त्याची कला सुरू झाली.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. एका शिबिरात मुले १५ ते २० असावीत आणि मदतीला दोन मोठी माणसे. साहित्य घरचेच पुरते : जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठे, सुतळी, चिंध्या, कणकेची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो मुळीच घालू नये, कारण तो विषारी आहे. रोज लागेल तेवढीच ताजी खळ शिजवावी. मुखवटा करायचा तर वाडग्याला पालथ्या बाजूने तेलाचा हात लावून त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे तीन-चार थर द्यावेत आणि उन्हात वाळवावे. उन्हाळ्यात हे काम झटपट होते, पावसाळ्यात मात्र कागदाला बुरशी येते. वाडग्यामुळे मुखवट्याची पाठ सारखी येईल; नाक, कान आणि शिंगे मात्र ज्याची त्याची असू द्यावीत.

आणखी एक प्रयोग सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ जपला आहे. त्याच धर्तीवर पुठ्ठ्याचा राक्षस कापावा, समोर धोतर ताणावे आणि मागे दिवा ठेवावा. राक्षस दिव्याजवळ नेला की त्याची सावली अक्राळविक्राळ होते. धोतराजवळ आणला की तो वीतभर उरतो. अंधाराला भिणारे मूल स्वतःच्या हाताने त्या भीतीला मोठी करते आणि लहानही करते. मला वाटते, अद्भुताचा याहून मोठा उपयोग नाही.

शेवटच्या दिवशी पालक येतात, तेव्हा बक्षिसे ठेवू नयेत. "हे काय काढलेस?" असेही विचारू नये, त्या प्रश्नात मूल परीक्षेला बसते. "हा राहतो कुठे? खातो काय? झोपतो कधी?" असे विचारावे, म्हणजे त्याची सारी गोष्ट बाहेर येते.

श्रोतेहो, असे शिबिर आपल्या अंगणात, शिक्षकावाचून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : दिवाळीतला किल्ला. दगड, विटा, चिखल, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, महाराजांचे सिंहासन, बुरुजावर मावळे आणि पायथ्याला मावळ्यांहून मोठा वाघ! त्या वाघाचे माप काढायला कोणी जात नाही, आणि कोणता किल्ला आपला हे कोणत्याही मुलाला विचारावे लागत नाही. आता बाजारात तयार किल्ले मिळू लागले आहेत. ते नेटके असतात, हात मळत नाहीत, वेळही वाचतो. माझे ३० ड्रॅगनही असेच नेटके होते. येत्या दिवाळीत असा किल्ला घरी आणण्यापूर्वी त्या मुलीचा प्रश्न आपण एकदा आठवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.