शंभर मालक, एक पगार

दहा टनांचा ट्रक पुण्याच्या मार्केट यार्डाच्या भुसार विभागात एखाद्या गाळ्याला पाठ लावून उभा राहतो, तेव्हा त्यात पन्नास किलोची २०० पोती असतात. टोळी चौघांची असेल तर एकेकाच्या वाट्याला ५० पोती. ट्रक रिकामा होईतो एका माणसाच्या पाठीवरून अडीच टन तांदूळ गेलेला असतो. मग चहा होतो, आणि तोच माणूस पलीकडच्या गाळ्यावर साखर उतरवायला जातो. संध्याकाळी तो तिसऱ्याच कुणाच्या गोदामात थप्पी लावत असतो.

या माणसाचा मालक कोण? ट्रकवाला म्हणेल, माल माझा नाही, मी भाड्यानं आणलाय. अडत्या म्हणेल, मी नुसता विकून देतो. घेणारा दुकानदार म्हणेल, मी तर आत्ता आलो. तिघांतलं कुणीच खोटं बोलत नाही. पण मालकच सापडत नसेल तर भविष्यनिर्वाह निधी भरायचा कुणी? पाठ धरली तर औषधपाणी कुणी बघायचं, आणि साठीला आल्यावर ग्रॅच्युइटी कुणाच्या दारात मागायची?

तरीही गुलटेकडीच्या या यार्डात नोंदणी झालेल्या हमालाला निधी मिळतो, बोनस मिळतो, रजेचे पैसे मिळतात, ग्रॅच्युइटीही मिळते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघायला लोक लांबून येतात. हे नवल बघायला कुणी येत नाही, कारण ते दगडात नाही, हिशेबाच्या वहीत आहे.

त्यामागची युक्ती अशी. माल उतरला की व्यापाऱ्याचा मुनीम नगावर किंवा वजनावर ठरलेल्या दरानं हमाली काढतो. ती थेट हमालाच्या हातावर ठेवायची नाही. ती भरायची माथाडी मंडळाकडे, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. मंडळ हमाली त्या त्या कामगाराच्या नावावर जमा करतं आणि लेव्हीतून निधी, बोनस, रजा, दवापाणी, ग्रॅच्युइटी यांची तजवीज करतं. मंडळावर व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं बसतात, शिवाय सरकारची माणसं असतात. थोडक्यात, शंभर अर्धवट मालकांच्या जागी कायद्यानं एक आख्खा मालक उभा केला. हमालानं कुठल्या गाळ्यावर काम केलं याला मग महत्त्वच उरत नाही. पोतं उचललं त्याच क्षणी त्याच्या म्हातारपणाचे चार पैसे बाजूला पडलेले असतात.

हा कायदा १९६९ चा. त्याचं नाव चांगलंच लांबलचक आहे: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, त्या लढ्याचं हे फळ. कल्पनेची पाळंमुळं मात्र आणखी मागे जातात. लंडनच्या गोदीत एकोणिसाव्या शतकात रोज सकाळी फाटकाशी माणसांची झुंबड उडायची. मुकादम बोट दाखवेल त्याला त्या दिवसापुरतं, कधी तर तासाभरापुरतं काम, बाकीचे घरी. १८८९ मध्ये त्या लोकांनी तासाला सहा पेन्ससाठी मोठा संप केला. पण काम पक्कं नाही आणि मालक एक नाही, हा मूळ पेच सुटायला पुढं कितीतरी वर्षं गेली. ब्रिटनमध्ये १९४७ साली गोदी कामगारांसाठी मंडळाची योजना आली आणि १९४८ मध्ये भारतातही गोदी कामगारांसाठी कायदा झाला. जहाजावरच्या ओझ्याला जे लागू झालं ते बाजारपेठेतल्या पोत्याला लागू करायला आणखी २१ वर्षं लागली.

पुण्यात या गोष्टीची सुरुवात कायद्याच्या बरीच आधी झाली होती. भुसार बाजार तेव्हा गुलटेकडीला नव्हता, नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव समाजवादी आणि सत्यशोधक परंपरेतले. आजूबाजूच्या हमालांचं जगणं ते रोज बघत होते. दुखऱ्या पाठीला औषध देता येतं, पण औषध घेऊन गडी पुन्हा तेच पोतं उचलायला जातो, हे कळायला मोठं वैद्यक लागत नाही. पन्नासच्या दशकात त्यांच्या पुढाकारानं हमालांची संघटना, हमाल पंचायत, उभी राहिली. ती हमालीचे दर ठरवून घेण्यापुरती थांबली नाही, हे मला विशेष वाटतं. पुढं पतसंस्था आली, घरांसाठी हमालनगर आलं, दवाखाना आला, मुलांसाठी शाळाही आली.

पोत्याच्या वजनाचीही एक गोष्ट आहे. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं. ते उचलणारा गडी बहुधा साठ किलोच्या आतबाहेरचा. दोघांनी दोन बाजूंनी आकडे रुतवून पोतं उचलायचं, तिसऱ्यानं कमरेत वाकून त्याखाली पाठ द्यायची, आणि मग लवणाऱ्या फळीवरून एकेक पाऊल तोलत खाली यायचं. वजन निम्मं करा अशी मागणी आली, तेव्हा वरवर बघता ती बिनकामाची वाटू शकत होती. दहा टन ते दहा टनच, उलट फेऱ्या दुप्पट होणार. पण मणक्याला दिवसाच्या बेरजेइतकाच एका वेळचा भारही जाचतो. एकाच वाईट उचलण्यातही चकती सरकू शकते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ च्या आपल्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. हमालांची मागणी पन्नासची. आज यार्डात पन्नास किलोचं पोतं सर्रास दिसतं. ते जड वाटत असेल तर एकदा त्याच्या दुपटीची कल्पना करून बघा.

आता भाकरीकडे वळू. बाहत्तरच्या दुष्काळानंतर महागाई अशी भडकली की घरदार गावी ठेवून आलेल्या हमालाला दोन वेळचं बाहेर जेवणं परवडेना. १९७४ मध्ये हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. झुणका, भाकरी, भाजी, ना नफा ना तोटा. अनुदान नाही आणि देणगीवर भिस्तही नाही. यात अर्थशास्त्र काय, असं कुणी विचारेल. खाणावळीचा पैसा जातो तो चार ठिकाणी: किरकोळ भावानं घेतलेला शिधा, रिकामी बसलेली टेबलं, उरून वाया गेलेलं अन्न, आणि मालकाचा नफा. इथं शिधा घाऊक बाजारातला, जेवणाऱ्यांची रांग न तुटणारी, पदार्थ मोजके म्हणून उरणं कमी, आणि नफा काढायचाच नाही. भाकरी स्वस्त व्हायला एवढं पुरतं. त्यातून राबणाऱ्या बायांना रोजगार मिळतो तो वेगळाच.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघावी. १९९५ नंतर युती सरकारनं राज्यभर एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली. कल्पना लोकप्रिय होती, पण भाकरीचा खरा भार तिजोरीवर होता. सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली. पंचायतीची भाकरी मात्र पन्नाशी गाठून पुढं गेली. आपल्या खर्चानं उभं राहणं हा सामाजिक कामाचा कमी चमकदार भाग आहे, आणि माझ्या मते तोच खरा.

गंमत म्हणजे ‘ना नफा ना तोटा’ हे शब्द यार्डात दुसऱ्या बाजूलाही ऐकू येतात. व्यापाऱ्यांची संघटना, दि पूना मर्चंट्स चेंबर, दरवर्षी दिवाळीत याच तत्त्वावर लाडू-चिवडा विकते आणि त्याला पुणेकरांच्या रांगा लागतात. हमालीच्या दरावरून ज्यांची समोरासमोर घासाघीस चालते, त्या दोघांनाही कढई आणि तवा मात्र एकाच हिशेबानं चालवावासा वाटतो. पुण्याचं पाणी, दुसरं काय.

हमालांनी सोडवलेलं कोडं पुढं वेगळ्या रूपात पुन्हा समोर आलं. कचरा वेचणाऱ्या बायांना तर शंभर अर्धवट मालकही नव्हते, होते ते फक्त हाकलणारे. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ निघाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. इथं लेव्ही नाही. प्रत्येक घर महिन्याला थोडे पैसे देतं, आणि विकण्याजोगं भंगार वेचणारीचं. रीत वेगळी, पण विखुरलेल्या देणेकऱ्यांच्या चिल्लरीतून एक बांधीव मिळकत घडवायची, हा डाव तोच.

सगळंच सुरळीत आहे असं मात्र नाही. मंडळात नाव नसलेला हमाल आजही उघड्यावरच आहे. माथाडीच्या नावाखाली कुणी भलताच पैसे उकळतो अशा तक्रारी राज्यात अनेक ठिकाणी झाल्या, आणि ही उकळणी बंद करायचं निमित्त सांगत कायद्यात बदल करणारं विधेयक २०२३ मध्ये विधिमंडळात आलं. त्यानं मूळ संरक्षणच सैल होईल म्हणून कामगार संघटना खवळल्या. मला त्यांची भीती रास्त वाटते. खंडणीखोराला पकडायला फौजदारी कायदा पुरेसा आहे, त्यासाठी मंडळाच्या चौकटीला हात लावायची गरज नाही.

त्याच २०२३ साली राजस्थानात एक कायदा झाला. ॲपवरून जेवण पोचवणारी, गाडी चालवणारी मुलं कुणाची नोकर, हा तिथला प्रश्न होता. हॉटेलवाला म्हणतो माझी नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं माझी नाहीत, आणि कंपनी म्हणते, ते तर आमचे भागीदार. राजस्थाननं त्यांची नोंदणी करायचं ठरवलं, एक मंडळ नेमलं आणि प्रत्येक व्यवहारावर थोडा कल्याण अधिभार बसवला. तो कापायला मुनीम लागत नाही, पैसे फिरतात त्याच क्षणी संगणक तो बाजूला काढू शकतो. यार्डाच्या फाटकाबाहेर पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन उभी असलेली पोरं अजून या हिशेबाच्या बाहेर आहेत. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, आत भुसार विभागात, तोच हिशेब रोज वहीत चढतो आहे.