बिघडलेले पान फाडू नका

आपल्या घरातील मुलाची चित्रकलेची वही वर्षअखेरीस हाती घेऊन तिची पाने एकदा मोजून पाहावी. बहुधा ती कमी भरतील. जे चित्र साधले नाही, ते फाडले गेलेले असते. वही नीटनेटकी राहते खरी. परंतु त्या पानाबरोबर त्यातून मिळणारा धडाही केराच्या टोपलीत जातो. मेणखडू, जलरंग, शाई व कागदाचे कपटे एकाच पानावर आणणारी मिश्र माध्यमाची रीत मुलांना शिकवावी ती याचसाठी. तीत बिघडलेले पान हेच पुढील चित्राची भूमी होऊ शकते.

रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रकलेचा उगम खाडाखोडीतच आहे. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेषांनी जोडता जोडता त्यांच्या लेखणीतून चमत्कारिक आकार प्रकट होऊ लागले. पुढे १९३० मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिस येथे भरले.

आरंभ सोप्या प्रयोगाने करावा. पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्याने कागदावर पावसाच्या तिरप्या रेघा ओढाव्या आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवावा. मेण पाण्याला थारा देत नाही. त्यामुळे कोऱ्या कागदावरील अदृश्य रेघा शुभ्र होऊन उमटतात. बातिकच्या वस्त्रावर नक्षी उठते ती याच तत्त्वाने. आता क्रम उलटा करून पाहावा. रंग वाळल्यावर मेण घासले, तर पांढरी रेघ मिळत नाही. हा प्रयोगही फुकट गेला असे समजू नये. ‘आधी मेण, मग पाणी’ एवढी नोंद पानामागे करून ठेवावी.

दुसरा प्रयोग चिकटकामाचा. फसलेल्या चित्रावर जुन्या वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने चिकटवावे. ओला कागद फुगतो व वाळताना आखडतो, म्हणून पान वाकडे होते. खळ ओलसर असतानाच वरखाली कोरे कागद घालून त्यावर जड पुस्तके ठेवल्यास हा दोष पुष्कळसा टळतो. पान पुरते वाळल्यावर शाईने रेखाटन करावे. छापील अक्षरांच्या ओळी कधी भिंतीच्या विटा होतील, कधी नांगरलेले शेत.

साधन बदलले तरी कला थांबत नाही, याची साक्ष शांतिनिकेतनातच मिळते. तेथील कलाभवनात शिकलेले व पुढे तेथेच अध्यापन केलेले विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. पुढे शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणे गेली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. रंगीत कागद कापून व चिकटवून त्यांनी नवी चित्रे घडविली. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपटही काढला.

प्रत्येक मूल चित्रकार होईलच असे नाही. पण चूक हाती धरून तिच्यातून पुढे जाण्याचे धैर्य प्रत्येकाला लागते. म्हणून पालकहो, वही पाहताना ‘छान’ किंवा ‘घाण केलीस’ असा निकाल देऊ नका. ‘हे कसे केलेस?’ एवढेच विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे म्हणून तरी मूल ते पान जपून ठेवील.